एका चुलीचे देव

७ डिसेंबर, शनिवार

मुखरू आज आमच्या घरातले देव बघायला आला. मुलगी बघायला यावं तसा. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खिशाला पेन. रीताने पाणी दिलं. तो बसला, छताकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं, मग म्हणाला, "काकू, तो कोपरा दाखवता का जी?"

मी म्हटलं, "कोपऱ्यात उंदीर आहेत. ते पायतं का देव पायतं?"

तो हसला नाही. पूर्वी हसायचा. पूर्वी माझा देवानंद आणि हा मुखरू पिऊन एका नालीत पडायचे, आणि मी आणि मुखरूची माय एकेकाला काखेत धरून आणायचो. अंधारात कधी कधी अदलाबदल व्हायची. आता तो उजेड मार्गाचा गावातला मोठा माणूस आहे.

देवानंद दिवाळीच्या आधीपासून या मार्गात आहे. एक दिवा, एक नाव, बाकी काही नाही. मूर्ती नाही, धागादोरा नाही, दारू नाही. त्यातलं दारू नाही हे आमच्या कामाचं. मिसरूड फुटल्यापासून प्यायचा माझा लेक. मागच्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या डॉक्टरने त्याच्या पोटावर हात ठेवला नि म्हणाला, यापुढे एक घोट घेतला तरी माझ्याकडे आणू नका, सरळ घरी न्या. आता तो पीत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईतलं, म्हणजे जत्रेतलं, नाटक पाहून यंदा स्वतःच्या पायांनी घरी आला. रीताने दार उघडून त्याच्या मागे पाहिलं — कोणी धरून आणलं का ते.

पण त्यांचा नेम असा, की पिणाऱ्याचं व्रत त्याच्या एकट्याचं नसतं. ते त्याच्या चुलीचं असतं. ज्या चुलीवर त्याचं शिजतं तिथं जेवणाऱ्या सगळ्यांनी बाकीचे देव सोडायचे. एकाने जरी मागे ठेवला तर पिणाऱ्याचा नेम तुटतो.

आमच्या चुलीवर तिघं जेवतो. दोघांनी सोडले. उरली म्हातारी.

मुखरू म्हणाला, "एका चुलीले एकच पायजे, काकू."

मी म्हटलं, "विचार करते." म्हणजे काही तरी बोलायचं म्हणून बोलले. विचार करायची ताकद आता कुठे आहे.

९ डिसेंबर

कोण लिहितं आहे ते सांगायचं राहिलं. रीता लिहिते, माझी सून. मला अक्षर येत नाही. आईने शाळेत घातलं नाही, जाळं विणायला बसवलं. दुपारी देवानंद तलावावरून येऊन झोपतो तेव्हा मी बोलते नि ही लिहिते. माझं बोलणं शाळेतल्यासारखं करून लिहिते. मी "मले" म्हटलं की ती "मला" करते. म्हटलं, कर बाई, वाचणार कोण आहे.

तर देव. कोपऱ्यात भिंतीला जी फळी आहे तिच्यावर पाच आहेत.

मातामाय — सासूने दिली. शेंदूर लावलेला दगड, चांदीचे डोळे बसवलेला. ताप, गोवर, अंगावर येणारं सगळं तिच्याकडे.

मारियामाय — फ्रेममधली. देवानंद पायाळू जन्मला तेव्हा मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईने दिली. तिलाही एकच पोरगा होता नि तोही आईच्या हाती लागला नाही. त्यामुळे आमचं जमतं.

पीरबाबा — म्हणजे त्याच्या चादरीचा हिरवा तुकडा. देवानंद लहानपणी यात्रेत हरवला होता. दर्ग्याच्या पायरीवर झोपलेला सापडला, तोंडात रेवडी. हरवलेलं माणूस पीराकडे.

मोहाच्या लाकडाची गाठ — सीता आत्रामने दिली. आम्ही दोघी मोह वेचायला जायचो. ती म्हणायची, पहिलं फूल झाडाचं, त्याला हात लावू नको. मी अजून लावत नाही.

आणि बुद्ध. तो इंदुताईकडून आला. नवरा गेला तेव्हा इंदुताई रोज येऊन माझ्याजवळ नुसती बसायची. मग एक दिवस फोटो घेऊन आली नि म्हणाली, आता याच्याजवळ बस, मला निंदणाला जायचं आहे. त्याला मी काही मागत नाही. त्याच्याजवळ बसते फक्त.

संध्याकाळी एक उदबत्ती, पाचांना मिळून. वेगवेगळी लावत बसले असते तर कंबर गेली असती. एका घरात पाच जावा नांदवल्या मी, भांडण नाही. कोणी म्हणतं, गिरजा, हे कसलं मिश्रण. मी म्हणते, डाळ एकट्या डाळीची होते का.

रीता म्हणते, "आई, पाचांना सांगून बाबूची दारू सुटली नाई." बाबू म्हणजे तिचा नवरा.

खरं आहे. पाचही जणांना सांगून झालं. नवस झाले, शुक्रवार झाले, मेणबत्त्या झाल्या. एकाचंही चाललं नाही. उजेडवाल्यांचं चाललं. म्हणून मला मुखरूवर रागावताही येत नाही. रागावता आलं असतं तर सोपं होतं.

१० डिसेंबर

गुडघे. दुसरं काही नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

देवानंद आज जाळं दुरुस्त करत माझ्याजवळ बसला. त्याचा हात बघत होते मी. पूर्वी सुईत दोरा जायचा नाही, आता गाठ बरोबर पडते.

म्हणाला, "आई, मी तुले सोड म्हणत नाई."

"मंग काय म्हणतं?"

"काईच नाई म्हणत."

एक गाठ मारली नि म्हणाला, "संध्याकाळी भट्टीपासून जातो तवा वास येते. पाय आपोआप वळतेत. मंग मी म्हणतो, घरी चूल नेमानं बांधली आहे. तीच धरून ठेवते. पण मंग मनात येते, चूल पूरी बांधली नाई. एक तोंड उघडंच आहे."

उघडं तोंड म्हणजे मी.

मी म्हटलं, "माझं तोंड लहानपणापासून उघडं आहे, तुझा बाप गेला तरी मिटलं नाई."

तो हसला. पण जाळ्याकडे बघून हसला.

१५ डिसेंबर, रविवार

सुचलं. त्यांचा नेम चुलीचा आहे ना — मग मी वेगळी चूल मांडते.

तलावाची माती रीताने आणून दिली. मागच्या पडवीत मांडली. तिरपी झाली आहे, माझ्यासारखीच. फळी काढून पाच जणांना तिथे नेलं. भांडी दोन, ताट एक, तांदळाचं डबडं. संध्याकाळपर्यंत गावात झालं, देवानंदने मायला वेगळं टाकलं.

शेजारची सून मुद्दाम सरपण मागायला आली. मी म्हटलं, "टाकलं नाई वं. मीच वेगळी निघाली. या वयात कोणाकोणाले जमते?"

२१ डिसेंबर

मुखरू ब्रह्मपुरीला त्यांच्या मोठ्यांना विचारून आला. बसने गेला नि बसने आला, माझ्या चुलीसाठी. मला बरं वाटलं, इतकी चौकशी माझ्या लग्नातही झाली नव्हती.

म्हणाला, "चालते, काकू. पण दोन गोष्टी. विस्तव इकडचा तिकडे जाऊ नये. नि मीठ."

"मीठ?"

"मिठाचं काई. शिजलेलं कोणतंच. तुमचं त्यायनं नाई खाचं, त्यायचं तुमी नाई."

"नि पाणी?"

"पाण्याचं मी विचारलं नाई जी."

"मंग पुन्हा जा बसनं."

यावेळी हसला. जुना मुखरू क्षणभर दिसला, नालीतला.

२३ डिसेंबर

एकटीचा भात अंदाजाने होत नाही. सगळं आयुष्य मोठ्या गंजात शिजवलं. आज पुन्हा उरला. कोंबड्यांना घातला. कोंबड्या कोणत्या मार्गात आहेत, विचारायला हवं.

देवानंद जेवताना माझ्याकडे पाठ करून बसतो. रीता मला दिसेल असं बसत नाही. लाखोरीची भाजी केली होती तिने, लसणाची फोडणी इकडे येत होती. वासाबद्दल मुखरूने काही सांगितलं नाही, म्हणून मी वास घेऊन भात खाल्ला.

२६ डिसेंबर, गुरुवार

काल नाताळ, मारियामायपुढे मेणबत्ती लावली. देवानंद लहान असताना दरवर्षी ती विझवायला मागे लागायचा. काल पडवीच्या दारात आला, पाहिलं, मागे फिरला.

इंदुताई आली होती. ती काही बोलायची राहत नाही.

"गिरजाबाई, कायले हा खटाटोप करून राह्यली? आमच्या लोकायनं तर गाडाभर देव विहिरीत टाकले होते. माझ्या सासऱ्यानं स्वतः टाकले. वर ओणवून पायलं पण नाई."

मी म्हटलं, "तुमाले सोपं गेलं."

ती एकदम गंभीर झाली. "सोपं नाई गेलं. पण त्या देवायनं आमाले विहिरीचं पाणी पेऊ देलं नव्हतं. आमच्याजवळ कारण होतं. तुये देव तुले काय करतेत? फळीवर बसले आहेत बिचारे. इचार कर, कारण नसताना टाकशीन तर पोकळ होशीन."

मग म्हणाली, "नि लेकासाठी टाकाचे असतीन तर तेही कारणच आहे." आणि चहा न पिता गेली, कारण चहाचं आमच्या पडवीत काय ठरलं ते तिला माहीत नव्हतं. तिने प्यायला असता तरी चाललं असतं. पण कुठे आपल्याला चालत नाही ते आधीच धरून चालायची तिची जुनी सवय.

४ जानेवारी, शनिवार

हे तीन-चार दिवसांचं एकदम सांगते, मधे बोलवत नव्हतं.

ताप आला. थंडी वाजून. उठून विस्तव पेटवायला गेले तर हात राखेत गेले, तिथेच बसले. रीता पडवीच्या उंबऱ्यावर उभी. तिच्या हातात पेजेची वाटी, वाफ निघत होती. आत येईना. माझ्याकडे बघते, वाटीकडे बघते.

मी म्हटलं, "उंबऱ्यावर ठेव नि जा. मी पायलंच नाई असं म्हणतो."

ती म्हणाली, "आई, मीठ टाकलं आहे."

आणि रडायला लागली. एवढी मोठी बाई, मिठासाठी. देवानंद तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिघंही आम्ही वाटीकडे बघत होतो, जसं त्यात काही पडलं आहे.

शेवटी देवानंद इंदुताईला बोलावून आला. तिने तिच्या घरून पेज आणली, मला चमच्याने पाजली, नि वर माझ्या लेकाला ऐकवलं, "मी मेली तं कोणाले बोलावशीन, ते आताच ठरवून ठेव."

तो पडवीच्या खांबाला टेकून बसला. मी तापातच त्याच्याकडे बघत होते. त्याची मान दारूच्या दिवसांत जायची तशी खाली गेली. मला मातामायला हाक मारायची होती — ताप तिचाच. मारली नाही. मनात आलं, ही मान अशी राहिली तर हा आज संध्याकाळी भट्टीपासून सरळ घरी येणार नाही.

आला. पण मी दारात कान लावून होते.

८ जानेवारी

ताप गेला. ताकदही सोबत घेऊन गेला.

देवानंदला बोलावलं. म्हटलं, "संक्रांतीले डोंगा काढ."

त्याला कळलं. म्हणाला, "मी काई म्हटलं नोयतं, आई."

"तू काई म्हणतच नाई, हाच तर जुलूम आहे."

तो म्हणाला, देव वैनगंगेत सोडू, वाहतं पाणी आहे. मी म्हटलं, माझे गुडघे वैनगंगेपर्यंत येत नाहीत. आपल्याच तलावात सोड. डोळ्यांपुढे राहतील.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

झालं.

सकाळी धुकं होतं. देवानंद बांबूने डोंगा रेटत होता, मी मधे टोपली घेऊन बसले. रीता पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभी राहिली. बुद्धाला मी सोडलं नाही, आदल्या दिवशीच इंदुताईला परत दिला. ती म्हणाली, "ठेवतो माझ्याजवळ. रुसत नाई तो."

मधोमध गेल्यावर पीराचं हिरवं कापड सोडलं. पसरलं पाण्यावर, मग हळूहळू गेलं. त्याला म्हटलं, बाबा, आता हरवलेलं तूच सांभाळ, आम्ही सापडलो आहोत. मोहाची गाठ बुडेना. लाकूडच ते. वाऱ्याने काठाकडे निघाली. जाऊ दे म्हटलं, ती जंगलातलीच.

मारियामायची फ्रेम उताणी तरंगायला लागली. आमच्याकडे बघत. देवानंदने बांबूने हलकेच दाबली, ती खाली गेली नि पुन्हा वर. पुन्हा दाबली. तो म्हणाला, "आई, तूच दाब. माझ्यानं होत नाई." मी हाताने दाबली. पाणी काचेवर चढलं, मग गेली. हात खूप वेळ गार होता.

मातामाय राहिली. तिला मांडीवर घेतलं. सासूने दिली तेव्हा म्हणाली होती, इला उपाशी ठेवू नको. मी म्हटलं, माय, माझ्या लेकाची चूल बांधायची आहे, तू समजून घे. सोडली तशी गुडूप. बुडबुडेही फार नाहीत.

येताना देवानंदने बांबू टाकून माझे पाय धरले. डोंगा गोल फिरला. म्हटलं, "पाय सोड, नाई तं आपण दोघं जाऊ त्यायच्या मागं."

दुपारी रीताच्या हातचा मासोळीचा रस्सा. भात तिनेच वाढला. मीठ बरोबर होतं.

१९ जानेवारी

मागची चूल मोडली. कोंबड्या बसतात तिथे.

२ फेब्रुवारी, रविवार

आता संध्याकाळी तिघं एका दिव्यापुढे बसतो. देवानंद नाव घेतो, रीता घेते, मी ओठ हलवते. डोळे मिटले की काय होतं ते सांगू का — सगळे येतात. मातामाय, मारियामाय, पीर, सीताची गाठ, बुद्ध शेवटी, तो घाई करत नाही. दिव्याभोवती बसतात. पूर्वी फळीवर अडचण होती, आता ऐसपैस. मला वाटलं, इतकी वर्षं उगाच फळी पुसली.

नेम तुटला का? मुखरूला रस्त्यात गाठून विचारलं. "तोंडानं नाव घेतलं नाई, हातानं हात जोडले नाई, आपोआपच आले, तं?"

त्याने रस्त्यावर मागेपुढे पाहिलं. म्हणाला, "काकू, मी पण दिव्यापुढं बसतो तं माझ्या मायले पायतो. ते कोणाले सांगत नाई."

"मंग मी पण नाई सांगत."

"सांगू नोका."

या मुखरूचा मला आता मनापासून लोभ वाटतो. पांढऱ्या कपड्यांसकट.

१६ फेब्रुवारी

देवानंदचं वजन वाढलं. रीता सदरे सैल करते आहे. शिवताना गुणगुणते. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते, नाही तर थांबेल.

२ मार्च, रविवार

आता काय सांगावं. हसावं की काय करावं.

तलावाचं पाणी उतरलं, मच्छीमार संस्थेने आज महाजाळ ओढलं. गावातले सगळे ढिवर दोन्ही बाजूंनी दोर ओढत होते. महाजाळ म्हणजे तळ खरवडत येतं, काही सोडत नाही. हे मला माहीत नाही? मी जाळं विणत मोठी झाले! गावात कोणत्याही शेंबड्या पोराला विचारा, तलावात टाकलेलं फाल्गुनात परत येतं. नि मी ढिवराची बायको, ढिवराची माय, देव सोडायला तलाव निवडला. डोळ्यांपुढे राहतील म्हणे.

राहू नि कतला उड्या मारत होते, त्यांच्यात मातामाय आली. शेंदूर जागच्या जागी. चांदीचे डोळे चिखलातून बघत.

रीता तिथे होती, तिने सांगितलं. दोर धरलेले सगळे मागे सरकले. मासे तडफडत होते, कोणी हात घालेना. देवानंदचं तोंड राखेसारखं झालं. मग तोच पुढे गेला, तिला उचललं. मुखरू म्हणाला, "घाबरू नोको भाऊ, नदीत टाकून ये." देवानंद तिला गमछ्यात गुंडाळून गाडीवर वैनगंगेकडे गेला.

घरी हे ऐकून मी हसले. हसता हसता खोकला लागला. रीता म्हणाली, "आई, हसू नोका. तुमी त्यायचं तोंड नाई पायलं."

दिवेलागणीला आला. मी जवळ जाऊन वास घेतला. नव्हता. पण जेवला नाही, दिव्यापुढे बसला नाही.

३ मार्च

तलावावर गेला नाही.

४ मार्च

आजही नाही. जाळं दुरुस्त करायला घेतलं, गाठ पडेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं हे त्याला दिसलं.

५ मार्च, बुधवार

दुपारी वाळत घातलेल्या जाळ्यांखालून त्याने गमछा काढला नि माझ्यापुढे ठेवला. मातामाय. नदीत टाकलीच नव्हती.

"पुलावर गेलो, आई. हात सुटले नाईत. मंग काठावर बसलो इले घेऊन." श्वास घेऊन म्हणाला, "आपण टाकली, ते परत आली. मले शोधत आली. हे मले सोडणार नाई. मारणारच असन तं मंग मी कायले आवरून राह्यलो? पेऊनच मरतो ना."

रीता दारात होती. तिच्या हातातली टोपली तिने खाली ठेवली नाही, तशीच धरून उभी.

मला खूप काही बोलता आलं असतं. सपनात आली होती म्हणता आलं असतं, रागावली नाही म्हणाली असं सांगता आलं असतं. पण त्याने विश्वास ठेवला असता, नि मग आयुष्यभर तिला विचारत बसला असता. आज रागावली का, उद्या रागावली का.

मी पावशी ओढली. मासे साफ करतो ती. राख घेतली. मातामायला हातात धरलं नि पात्यावर खरवडायला सुरुवात केली, खवले काढतात तशी. शेंदूर थराथराने निघाला. माझा, माझ्या सासूचा, तिच्या सासूचा. तेलकट, लाल, मग काळपट. चांदीचे डोळे निघून राखेत पडले. देवानंद "आई, आई" म्हणत होता. मी थांबले नाही. दम लागला तरी थांबले नाही.

शेवटी हातात काळा दगड राहिला. तलावाच्या पाळीवर असतात तसा.

"पाय," म्हटलं. "कुठी आहे? दाखव. दगड तळाशी जाते नि जाळं तळ खरवडते. म्हणून आला. तुले शोधत कोणी आलं नाई. रागवाचं असन तं मायावर रागवन, खरवडलं मी. पाय, काई झालं का मले?"

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. लाल झाले होते मनगटापर्यंत. मग दगड उचलला, उलटा-सुलटा केला, वजन घेतल्यासारखं केलं. आणि लहानपणी रडून झाल्यावर यायचा तसा मोठा श्वास आला त्याला.

पाळीवर टाकून आला, बाकीच्या दगडांत. येऊन जेवला. दोनदा भात घेतला.

६ मार्च

मला काही झालं नाही. ताप नाही, पोट दुखलं नाही, पाय घसरला नाही. सकाळपासून वाट बघते आहे.

झालं असतं तर बरं होतं.

८ मार्च, शनिवार

देवानंद तलावावर जातो. आज बांगडा मारला म्हणून गाणं म्हणत आला — तलावात बांगडा कुठून येणार, माझी थट्टा करत होता. आईची थट्टा त्याने पोटात दारू नसताना पहिल्यांदाच केली. रीता हसली तर टोपली हलली.

मी पाळीवर गेले होते. कोणता दगड तो, ओळखू आला नाही.

१२ मार्च, बुधवार

रीता लिहायला तयार नव्हती. म्हटलं, लिही.

संध्याकाळी दिव्यापुढे बसले. डोळे मिटले. कोणी आलं नाही. मी खरवडलं एकीला, बाकीच्यांना जा म्हटलं नव्हतं. मारियामाय नाही, पीर नाही, सीताचा मोह नाही. बुद्धाला तर मी कधी काही मागितलं नव्हतं, तोही नाही. नुसता दिवा. आतल्या खोलीत देवानंद रीताशी बोलत होता, साफ आवाजात.

डोळे उघडले. वात वर केली. आता रोज संध्याकाळी या वेळेला मी काय करायचं, ते रीताला विचारलं. तिलाही माहीत नाही.